हळद पिवळी, पण कशानं?

हळद घेताना तुम्ही काय बघता? अगदी खरं सांगा हं. वास घेऊन बघता? हळकुंड मोडून बघता? नाही ना! आपण बघतो फक्त रंग. दुकानदारालाही ते पक्कं ठाऊक असतं. पोत्यात हात घालून मूठभर पूड कागदावर ओततो आणि म्हणतो, "ताई, रंग बघा की! सोनं हाय सोनं!" आणि आपण म्हणतो, द्या पावशेर.

माझं माहेर वाई तालुक्यातलं आणि सासर सांगलीचं. दोन्ही घरं कृष्णाकाठची आणि दोन्हीकडे हळद. त्यातून शाळेत विज्ञान शिकवण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. त्यामुळे भिशीत, लग्नघरात, एसटीच्या रांगेत कुठेही हळदीचा विषय निघाला की मैत्रिणी माझ्याकडे बघतात. परवा तर भाचीनंच विचारलं. तिला सातवा महिना आहे. आईच्या सांगण्यावरून रोज रात्री हळदीचं दूध घेते. म्हणाली, "मावशी, बाजारातली सुटी हळद घालते गं मी. चालेल ना? त्यात नक्की असतं तरी काय?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशीच सविस्तर बोलू या.

आधी चांगल्या हळदीत काय असतं ते बघू. शंभर ग्रॅम वाळलेली हळद घेतली तर त्यातला साठ-पासष्ट ग्रॅमचा भाग असतो पिष्टमय, म्हणजे सरळ सांगायचं तर पीठ! बटाट्यात असतो ना, त्याच जातीचा स्टार्च. दहा-बारा ग्रॅम पाणी, सहा-सात ग्रॅम प्रथिनं, थोडे तंतू, थोडी खनिजं. वासाचं तेल तीन ते सात टक्के. आणि ज्या पिवळ्या रंगासाठी आपण जीव टाकतो, तो रंग? तो जेमतेम दोन ते पाच टक्के! त्या रंगद्रव्याचं नाव कर्क्युमिन. त्याच्यासोबत त्याचीच दोन भावंडं असतात, पण घराण्याचं नाव मोठ्यानं मिळवलं.

म्हणजे बघा, हळदीच्या डब्यात बहुतेक सगळं पीठच आहे, आणि त्या पिठाला चिमूटभर रंग पुरतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या कर्क्युमिनचे स्वभाव आपल्याला रोज दिसतात, फक्त त्याचं नाव आपण घेत नाही. ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. म्हणून फोडणीत हळद पडली की तेल कसं पिवळंधमक होतं! पांढऱ्या साडीवर आमटी सांडली आणि घाबरून साबण लावला की डाग लालभडक होतो. साडी गेली असं वाटतं. पण गेलेली नसते. साबण अल्कलीचा, आणि अल्कली लागली की कर्क्युमिन तांबडं होतं, एवढंच. खळखळून धुवा आणि कडक उन्हात वाळत घाला. ऊन या रंगाचा वैरी आहे, दोन-तीन दिवसांत डाग फिका होत जातो. हळदीची बरणी खिडकीत ठेवू नये म्हणतात, तेही याचसाठी.

वासाची गोष्ट मात्र वेगळी. तो येतो टर्मेरोन नावाच्या घटकांमुळे. ही तेलं उडून जाणारी असतात, म्हणून वर्षभर उघड्या डब्यात पडलेल्या हळदीला वास राहत नाही. रंग तेवढाच दिसतो, वास मात्र निघून गेलेला. माझं मत विचाराल तर हळद नाकानं घ्यावी, डोळ्यांनी नाही. कारण रंगाची नक्कल फार सोपी असते.

आता थोडं औषधी गुणांबद्दल. हळदीचं कौतुक आपल्याला नवीन नाही. अमेरिकेत १९९५ साली जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट एका विद्यापीठाला दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआरनं जुने संदर्भ पुढे ठेवून ते आव्हानात घेतलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण म्हणून हळद म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचा उतारा, असं नाही. चहाचा एक चमचा हळद म्हणजे साधारण तीन ग्रॅम, त्यात कर्क्युमिन असेल नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास. आणि त्यातलंही शरीरात फार थोडं शोषलं जातं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की सोबत मिऱ्यातलं पायपरिन दिलं तर हे शोषण कित्येक पटींनी वाढतं. हल्ली दुधात मिरपूड घाला म्हणतात ते यावरूनच. मात्र त्याच नादात कर्क्युमिनच्या जबरदस्त मात्रेच्या गोळ्या मनानं घेऊ नका. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या घटना इटलीत आणि अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. स्वयंपाकातल्या हळदीची गोष्ट वेगळी आणि गोळीची वेगळी.

हे झालं निसर्गानं हळदीत घातलेलं. माणसानं काय घातलं, खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

माझ्या लहानपणी माहेरी हळद निघाली की आठ-दहा दिवस घरात कुणाला बसायला फुरसत नसायची. अक्षय तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद, पाला पिवळा पडून वाळला की काढायची. जेठे गड्डे बाजूला, हळकुंडं बाजूला. मग काहिलीत शिजवायची, वरून हळदीचाच पाला आणि गोणपाट. वाफ निघायला लागली की सगळ्या गल्लीत तो मातकट गोडसर वास. आत्या काडी टोचून बघायची, सहज गेली की म्हणायची, "उतरवा रे आता!" शिजताना आतलं पीठ फुलतं, लगदा होतं आणि वाळल्यावर शिंगासारखं घट्ट बसतं. रंगही सगळीकडे सारखा पसरतो. म्हणून नीट शिजलेलं, नीट वाळलेलं हळकुंड मोडताना कट्‌कन आवाज येतो आणि आतून केशरी-पिवळं निघतं. आता वाफेचे कुकर आलेत, काहिली कमी झाल्या, पण आतलं रसायन तेच आहे.

वाळलेलं हळकुंड दिसायला मात्र अगदी ओबडधोबड! वरून मळकट, खवल्याखवल्यांचं. त्याला बाजारात भाव यावा म्हणून पॉलिश करतात. पूर्वी हातानं खडबडीत जागेवर घासायचे, आता फिरत्या पिंपात घालतात. वरची साल घासली जाते, शेवटी हळदीचीच थोडी पूड पाण्यात कालवून शिंपडतात आणि हळकुंड छान दिसायला लागतं. इथवर सगळं ठीक आहे. पण हीच ती पायरी, जिथे हळदीच्या पुडीऐवजी दुसरी एखादी पिवळी पूडही शिंपडता येते.

रंगाला किती किंमत असते, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला हळद आपल्या जिल्ह्यातून येते, तशी कर्नाटक, तेलंगणा आणि मराठवाड्यातूनही येते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. (म्हणून पोत्यावर 'सांगली' लिहिलंय म्हणजे ती सांगलीच्या मातीतलीच, असं समजू नका हं! सांगली बाजाराचंही नाव आहे.) आणि हा रंग टिकवण्यासाठी आपल्या लोकांनी पूर्वी काय डोकं लढवलं होतं! कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर तुम्हाला माहीत असेल. तिथल्या मातीत खोल पेवं खणून त्यात हळद ठेवायचे. तोंड बंद केलं की आत ना ऊन, ना वारा, ना किडा. वर्षं गेली तरी हळद तशीच. आतली हवा इतकी कोंदट की झाकण काढल्याबरोबर कुणी उतरायचं नाही, आधी हवा बदलू द्यायची. कर्क्युमिनचा शत्रू प्रकाश आहे, हे कुठल्याही पुस्तकात न वाचता त्या लोकांनी ओळखलं होतं.

२००५ च्या महापुरात पाणी या पेवांत शिरलं आणि हळद खराब झाली. त्यानंतर व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. पुरात भिजलेली हळद काळवंडते, तिला कोण घेणार? इथे कुणी काही वाईट केलं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण पूर, काळवंडलेली हळद आणि भाव, या तिन्हींची गाठ दुसऱ्या एका देशात कशी पडली, ते ऐका.

बांगलादेशात १९८८ साली प्रचंड पूर आला. हळद ओली राहिली, निस्तेज झाली. ती विकली जावी म्हणून पॉलिश करताना त्यात लेड क्रोमेट टाकायला लागले. लेड क्रोमेट म्हणजे शिसं आणि क्रोमियम यांचं पिवळंजर्द रसायन. रस्त्यावरचे पिवळे पट्टे आणि यंत्रांचे पिवळे रंग ज्यापासून बनवायचे, ते! पूर ओसरला, पण सवय राहिली. गिऱ्हाइकाला त्या झगझगीत रंगाची चटक लागली होती ना! पुढे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि बांगलादेशातल्या संशोधकांनी गरोदर बायकांच्या रक्तात शिसं का सापडतंय याचा माग काढला. खेड्यातल्या बायका, जवळपास कारखाना नाही, मग शिसं येतं कुठून? माग काढत काढत ते पोहोचले स्वयंपाकघरातल्या हळदीपर्यंत. हे २०१९ साली जाहीर झालं.

आपल्याकडे काय? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या २३ शहरांतून हळदीचे ३५६ नमुने तपासले होते. साधारण १४ टक्के नमुन्यांत शिसं नको तेवढं निघालं. सगळ्यांत वाईट नमुने पाटण्याचे आणि पाकिस्तानातल्या कराची-पेशावरचे. पाटण्याच्या एका नमुन्यात तर एका ग्रॅममागे दोन हजार मायक्रोग्रॅमहून जास्त! आपल्या कायद्यात मर्यादा आहे ग्रॅममागे दहा मायक्रोग्रॅमची. आणि लेड क्रोमेट मुद्दाम मिसळायला तर अजिबातच परवानगी नाही.

वहीच्या मागच्या पानावर मी एक गणित करून बघितलं. लेड क्रोमेटमध्ये वजनानं ६४ टक्के शिसं असतं. अर्धा किलो हळदीत कुणी फक्त एक ग्रॅम लेड क्रोमेट मिसळलं, तर त्या हळदीत ग्रॅममागे जवळजवळ १२८० मायक्रोग्रॅम शिसं होतं. मर्यादेच्या सव्वाशेपट! एक ग्रॅम म्हणजे किती? चिमूटभर. मघाशी म्हटलं ना, पिठाला रंगवायला चिमूटभर पुरतं, ते हे असं.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येऊ. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते शरीरात गेलं की हाडांत जाऊन बसतं, कॅल्शियमच्या शेजारी. वर्षानुवर्षं तिथेच राहतं. बाई गरोदर राहिली की बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघतं, त्याच्याबरोबर हे शिसंही रक्तात येतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. बाळाचा मेंदू तेव्हा घडत असतो. लहान मुलांत याचा परिणाम ताप-खोकल्यासारखा दिसत नाही. पोर अभ्यासात मागे पडतं, लक्ष लागत नाही, चिडचिड करतं आणि आपण म्हणतो, "वेंधळंच आहे." शिसं रक्त तयार होण्यातही अडथळा आणतं, म्हणजे पंडुरोग. आपल्याकडे तर बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी! लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं आणखी जास्त शोषलं जातं. म्हणून तिला मी म्हटलं, "डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नकोस. हळदीच्या दुधाची सक्ती नाही, नुसतं दूध पी. आणि ती सुटी हळद आजपासून बंद."

"मग घरी तपासता येत नाही का?" हा प्रश्न मला भिशीत हमखास येतो. थोडंफार येतं. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर हळद टाका, ढवळू नका, वीसेक मिनिटं थांबा. चांगली हळद बरीचशी तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर मेटॅनिल यलोसारखा विरघळणारा रंग असल्याची शंका घ्यायची. पण मैत्रिणींनो, लेड क्रोमेट पाण्यात विरघळतच नाही! ते हळदीबरोबर निमूटपणे तळाशी जाऊन बसतं. म्हणजे पुडीच्या बाबतीत हा ग्लास तुम्हाला शिशाबद्दल काहीच सांगत नाही. तसंच चुना लावून हळद लाल झाली म्हणजे ती शुद्ध, असंही कुणीतरी सांगतं. लाल झाली म्हणजे तिच्यात हळद आहे, एवढंच कळतं. सोबत आणखी काय आहे, ते नाही. बाटलीतलं ॲसिड टाकून बघायचे प्रयोगही कुठे कुठे सांगतात, ते स्वयंपाकघरात करू नका.

त्यापेक्षा घेतानाच चार गोष्टी पाळाव्यात. दळलेला मसाला सुटा विकायला कायद्यानंच परवानगी नाही, तो बंद पाकिटातच हवा. तरीही बाजारात सर्रास पोती उघडी असतात आणि आपणही घेतो. २०२४ च्या त्या अभ्यासातही बंद पाकिटातल्या ब्रँडेड हळदीत शिसं त्या मानानं कमी होतं. पाकिटावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक बघा, ॲगमार्क असेल तर उत्तम. नाहीतर सरळ हळकुंडं घ्या, पण चकचकीत नको! कमी पॉलिशची, जराशी मळकट दिसणारीच घ्या. एक मोडून बघा. वरून लिंबासारखं पिवळंधमक आणि आतून फिकं असेल तर तिथेच ठेवून द्या. घरी आणून पुसून, कडकडीत वाळवून कांडप गिरणीत दळून आणा. दळायच्या आधी गिरणीवाल्याला जातं झाडून घ्यायला सांगायला लाजू नका, आधीच्या बाईची मिरची आपल्या हळदीत कशाला?

शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय साताऱ्यातही आहे आणि सांगलीतही. ग्राहकाला आपण विकत घेतलेला नमुना फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क कायद्यात दिलेला आहे. हे आपल्याला कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

हळदीवर बोलतोय तर कुंकवावरही बोलायला हवं, कारण खरं कुंकू हळदीचंच. हळदीला लिंबाचा रस, टाकणखार, तुरटी लावून ते करत. टाकणखार आणि आंबट रस मिळून कर्क्युमिनचा तांबडा रंग तयार होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत टाकणखारातलं बोरिक ॲसिड ओळखायला हळदीचा कागद वापरतात, तीच ही जादू. आज मात्र दुकानातलं लाल ते सगळं कुंकू, असं राहिलेलं नाही. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साईड आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाईड. मारुतीच्या अंगावर ते असू द्या, पण रांगत्या पोराच्या हाताला लागेल असं ठेवू नका. टिकलीच्या डिंकातल्या पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल या रसायनानं काहीजणींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. घरातले लगेच कोड म्हणून कुजबुजायला लागतात, पोरीच्या लग्नाची काळजी सुरू होते. आधी टिकली बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि भंडारा! पौषात कराड तालुक्यातल्या पालला खंडोबा-म्हाळसाच्या लग्नाला गेलेल्यांना सांगायला नको, सगळं गाव पिवळं झालेलं असतं. पण यात्रेत विकली जाणारी प्रत्येक पिवळी पूड हळद असतेच असं नाही. कित्येक पाकिटांवर बारीक अक्षरात 'फक्त पूजेसाठी' किंवा 'खाण्यासाठी नाही' असं छापलेलं असतं. ते वाचा. उरलेला भंडारा प्रसाद म्हणून हळदीच्या डब्यात ओतणाऱ्या बायका मी बघितल्यात. देवाचं देव्हाऱ्यातच ठेवा. उधळायला घरची हळद नेलीत तर मल्हारी काही रागावणार नाही.

बांगलादेशचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. २०१९ साली तिथल्या सरकारनं वर्तमानपत्रांतून इशारे दिले, ढाक्याच्या मोठ्या घाऊक बाजारात यंत्र घेऊन धाड घातली, शिसं निघालेला माल जप्त केला, दंड केला. बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडायचं. २०२१ साली ते शून्यावर आलं. अवघ्या दोन वर्षांत!

यंदा आमच्या भिशीतल्या बाराजणींनी ठरवलंय. माझ्या माहेरच्या वहिनींच्या शेतावरून बिनपॉलिशची हळकुंडं मागवायची, एकत्र दळायची, वाटून घ्यायची. त्यातला पाव किलोचा नमुना एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्यायचा आणि शिसं किती पीपीएम, तेवढंच लिहून मागायचं. बाराजणींत वाटला की खर्च फारसा जाणवत नाही. वहिनींना फोनवर हे सांगितलं तर त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "वन्सं, आमच्या हळदीची परीक्षा घेताय व्हय?" म्हटलं, "घेतेय. पास झाली की तुमच्या नावानं चिठ्ठी लावून विकू." मग हसल्या. पोती गुरुवारच्या एसटीनं येणार आहेत.